पॅसिफिकच्या खोल पाण्याचे शीतन : एका सिद्धान्ताचे परीक्षण

जानेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात वुड्स होल येथील जेफ्री गेबी व हार्वर्ड येथील पीटर हायबर्स ह्यांचा अवघ्या पाच पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात मांडलेला सिद्धान्त थोडक्यात असा : सागराचा पृष्ठभाग आणि अटलांटिकचे खोल पाणी ही आधुनिक काळात तापत आली आहेत, परंतु पॅसिफिकमधील सुमारे १.८ ते २.६ किलोमीटर खोलीवरचे पाणी विसाव्या शतकात तापलेले नसून ०.०२ ते ०.०८ अंश सेल्सिअसने निवलेले आहे. ह्या शीतनाचे कारण विसाव्या शतकात शोधावयाचे नाही. ते मध्ययुगीन उष्णकालानंतर जे लघु हिमयुग आले त्यात सापडते, व खोल पॅसिफिक आजही त्या जुन्या थंडीशी जुळवून घेत आहे, असे ह्या दोघांचे प्रतिपादन आहे.

सिद्धान्त आकर्षक आहे, आणि त्याचे परिणाम दूरवर पोहोचणारे आहेत. १७५० नंतर सागराच्या वरच्या थरांनी जी उष्णता मिळविली तिच्या एक-चतुर्थांशाइतकी उष्णता खोल थरांनी गमावली असावी, असे हा निबंध सांगतो. हे खरे असेल तर पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चात आजवर न मांडलेली एक मोठी रक्कम खर्चाच्या बाजूस मांडावी लागेल. यास्तव सिद्धान्ताच्या आकर्षकपणापेक्षा त्याच्या आधारांची तपासणी अधिक अगत्याची आहे. ते आधार तीन आहेत : सागराच्या दीर्घ स्मृतीविषयीची एक कल्पना, चॅलेंजर जहाजावरील तापमापकांची १८७२ ते १८७६ मधील नोंद, आणि प्रवाहांचे एक गणिती प्रतिमान. ह्या तिन्हींची योग्यता सारखी नाही.

त्यांपैकी पहिला आधार सर्वांत भक्कम आहे. खोल सागरातील पाणी जागच्या जागी थंड झालेले नसते. उत्तर अटलांटिकच्या वरच्या टोकाशी आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात पृष्ठभागावरचे पाणी थंड व जड होऊन खाली उतरते, आणि मग त्याचा संथ प्रवास सुरू होतो. ह्या प्रवासाला किती काळ लागतो हे किरणोत्सर्गी कार्बनाच्या ऱ्हासावरून अजमावता येते. उत्तर पॅसिफिकच्या मध्यम-खोल थरांतील पाणी जगातील सर्वांत वृद्ध पाणी होय. त्याने पृष्ठभाग सोडला त्याला सरासरीने हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. खाली उतरतेवेळी पाण्याला जे तापमान व जी लवणता लाभते ती पुढे केवळ मिश्रणाने बदलते, कारण खोलात उष्णता वा मीठ देणारा दुसरा उगम जवळजवळ नाही. (तळातून येणारी भूगर्भीय उष्णता आहे, पण ती अल्प व जवळपास स्थिर आहे.) तेव्हा आज पॅसिफिकच्या खोलात जे पाणी आहे त्याच्या पाठीवर मध्ययुगातील ऊब असावी, आणि तिच्या जागी हळूहळू सोळाव्या-सतराव्या शतकांतील थंड पाणी येत असावे, ही कल्पना भौतिकीच्या दृष्टीने सर्वथा सयुक्तिक आहे. कार्ल वुन्श व पॅट्रिक हाइमबाख ह्यांनीही २०१४ साली १९९२ ते २०११ ह्या काळाचा आढावा घेताना हेच बजावले होते की, दशकांपूर्वीच्या नव्हे तर सहस्रकांपूर्वीच्या हवामानाचे पडसादही खोल सागरात आज कलासारखे दिसू शकतील. त्यांच्या अंदाजातही ३,६०० मीटरांखालील काही भागांत शीतन आढळले होते.

ह्या कल्पनेमुळे एका वरकरणी विसंगतीचाही उलगडा होतो. पॅसिफिकच्या अगदी तळचे पाणी तापत आहे, ह्याविषयी आता फारसा वाद राहिलेला नाही. मासाओ फुकासावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ व १९९९ मधील मापनांची तुलना करून उत्तर पॅसिफिकच्या तळाशी सहस्रांश अंशांची तापवाढ २००४ साली दाखविली. २०१० साली सारा पर्की व ग्रेगरी जॉन्सन ह्यांनी जगभरच्या पुनःपुन्हा मोजलेल्या छेदरेषा एकत्र करून असे सिद्ध केले की, १९९० च्या व २००० च्या दशकांदरम्यान ४,००० मीटरांखालील सागर सार्वत्रिकपणे तापला असून ही वाढ दक्षिण महासागराकडे सर्वाधिक आहे. मग तळ तापत असता त्याच्या वरचा थर निवतो कसा? उत्तर असे की तळचे पाणी अंटार्क्टिकाहून तुलनेने लवकर येते, आणि मधला थर सर्वांत वृद्ध आहे. एकाच उभ्या स्तंभात तळाशी अलीकडचा काळ व मध्यावर दूरचा काळ नांदत असावा, ह्यात आश्चर्य नाही. भूस्तरशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उलटे वाटेल. पण सागर म्हणजे गाळाचा थर नव्हे.

दुसऱ्या आधाराकडे वळताच जमीन भुसभुशीत लागते. चॅलेंजर जहाज २१ डिसेंबर १८७२ रोजी पोर्टस्मथहून निघाले व मे १८७६ मध्ये परतले. वायव्हिल थॉमसन ह्यांच्या नेतृत्वाखालील ह्या सफरीत ३६२ स्थानांवर निरीक्षणे झाली, आणि त्यांपैकी अडीचशेहून अधिक ठिकाणी वेगवेगळ्या खोलींवरची तापमाने घेतली गेली. साधन होते मिलर-कॅसेला तापमापक. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी, तीत पारा, आणि पाऱ्याने ढकलली जाणारी पोलादाची दोन बारीक दर्शके, एक कमाल तापमानाचे व दुसरे किमान तापमानाचे. फुग्यावर दुसरा काचेचा फुगा चढवून मधली जागा अंशतः मद्यार्काने भरलेली असे. हेतू हा की पाण्याचा दाब आतल्या फुग्यावर पडू नये. प्रत्येक मापनापूर्वी लोहचुंबकाने दर्शके जागेवर आणावयाची, आणि वाखाच्या दोराला बांधून तापमापक खाली सोडावयाचे.

ह्या रचनेत तीन दोष अंगभूत आहेत. पहिला असा की हे यंत्र ठराविक खोलीचे तापमान सांगत नाही. खाली जाताना व वर येताना जे सर्वांत कमी तापमान वाटेत भेटले तेवढे ते सांगते. खोलीबरोबर पाणी थंडच होत जाते तेथे ह्याने बिघडत नाही. पण अंटार्क्टिक बर्फाजवळ वरचा थर थंड व खालचा उबदार असतो, तेथे हे यंत्र आंधळे ठरते. पॅसिफिकच्या ज्या पट्ट्याविषयी वाद आहे तेथे तापमान खोलीबरोबर उतरतच जाते. सबब हा दोष येथे गौण समजावा.

दुसरा दोष दाबाचा. संरक्षक फुगा असूनही दाबाने नळी किंचित चेपली जाई व तापमान वाजवीपेक्षा अधिक दिसे. सफर परतल्यावर एडिंबरो येथील पीटर गथ्री टेट ह्यांनी ह्या तापमापकांना दाबयंत्रात घालून त्यांची कसून परीक्षा केली. त्यांचा निष्कर्ष असा की दाबयंत्रात दिसणारी बरीचशी वाढ ही दाबल्याने यंत्रातील पाणी व तापमापकाची चौकट गरम होण्याची आहे, आणि सागरात लागू पडणारी खरी चूक पूर्वी मानली होती त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. १८८१ मधील टेट ह्यांचे हे काम प्रायोगिक भौतिकीचा एक उत्तम नमुना असून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. आजचे अभ्यासक ह्या चुकीसाठी दर किलोमीटरला सुमारे ०.०४ अंश वजा करतात. आता २.२ किलोमीटर खोलीवर ही दुरुस्ती सुमारे ०.०९ अंशांची होते, आणि ज्या शीतनाचा दावा आहे ते आहे ०.०२ ते ०.०८ अंशांचे. म्हणजे दुरुस्ती ही ज्या गोष्टीचा शोध घ्यावयाचा तिच्याहून मोठी आहे. दुरुस्तीचा आकडा निम्म्याने जरी चुकला तरी पॅसिफिकच्या शीतनापैकी बराचसा भाग नाहीसा होईल किंवा दुप्पट होईल. तापमापकही सगळे एकसारखे नव्हते.

तिसरा दोष दोराचा, व तो सर्वांत कठीण. जहाज वाऱ्याने व प्रवाहाने सरकत असता दोर सरळ खाली जात नाही. तो कलतो वा बाक घेतो. ‘हजार वाव’ अशी नोंद असेल तर तापमापक प्रत्यक्षात हजार वावांपेक्षा कमी खोल असण्याचाच संभव, जास्त खोल असण्याचा नव्हे. म्हणजे ही चूक एकाच दिशेची आहे : ती चॅलेंजरची तापमाने खऱ्यापेक्षा उबदार दाखविते. आणि भूतकाळ वाजवीपेक्षा उबदार दिसला की आजचे पाणी आपोआप निवलेले भासते! पॅसिफिकमध्ये दोन किलोमीटरांच्या आसपास तापमान दर किलोमीटरला अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. तेव्हा ०.०५ अंशांचे कृत्रिम शीतन निर्माण होण्यास दोराची चूक शंभर मीटरांहूनही कमी पुरे, म्हणजे दोराच्या लांबीच्या शेकडा चार-पाच. खवळलेल्या समुद्रात वाखाच्या दोराने काम करणाऱ्यांना एवढी चूक अशक्य वाटली नसती.

ह्याच चुकीचा उल्लेख डीन रोमिक, जॉन गोल्ड व जॉन गिल्सन ह्यांच्या २०१२ च्या निबंधात वेगळ्या संदर्भात येतो. चॅलेंजरची मापने व आर्गो तरत्या यंत्रांची मापने ह्यांची तुलना करून त्यांनी १३५ वर्षांतील तापवाढ काढली : पृष्ठभागी ०.५९ अंश, २०० वावांवर (३६६ मीटर) ०.३९, आणि ५०० वावांवर (९१४ मीटर) ०.१२. वरच्या थरांत खरा फरक चुकीच्या मानाने मोठा असल्याने त्यांना निश्चिंतपणे म्हणता आले की दोराच्या कलाने आपला आकडा कमीच येत असावा, म्हणजे खरी तापवाढ ह्याहून अधिक असावी. एकच चूक तेथे निष्कर्षाला बळकटी देते व येथे तो पोखरते. आधाराची किंमत दाव्याच्या आकारावर अवलंबून असते, हे ह्या दोन निबंधांची तुलना करताना स्पष्ट होते.

तरीही गेबी-हायबर्स ह्यांची बाजू येथे संपत नाही, आणि न्यायबुद्धीने त्यांचे सर्वांत चांगले उत्तर मांडले पाहिजे. तेच जहाज, तेच तापमापक, तोच दोर अटलांटिकमध्येही होता. दाबाची चूक दोन्ही महासागरांत सारखीच असणार. दोराची चूक तर अटलांटिकमध्ये अधिक जाणवावी, कारण तेथे दोन-तीन किलोमीटरांदरम्यान तापमानाचा उतार पॅसिफिकपेक्षा तीव्र आहे. असे असूनही अटलांटिकमध्ये तापवाढ दिसते व पॅसिफिकमध्ये शीतन दिसते. तेव्हा दोन महासागरांतील *फरक* हा यंत्रदोषाने समजावून सांगता येत नाही. हा युक्तिवाद मान्य केलाच पाहिजे. मात्र त्यातून काय सिद्ध होते हे नेमके सांगितले पाहिजे. सिद्ध होते ते एवढेच की खोल पॅसिफिकचे वर्तन खोल अटलांटिकच्या वर्तनाहून भिन्न आहे व ह्या भिन्नतेची दिशा स्मृतीच्या कल्पनेशी जुळते. पॅसिफिक निवला, की अटलांटिकपेक्षा पुष्कळच कमी तापला, ह्याचा निवाडा फरकावरून होत नाही. उष्णतेच्या जमाखर्चाला तर नेमका हाच निवाडा हवा आहे. निबंधाच्या शीर्षकात शीतन आहे, फरक नाही.

येथे लवणतेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि ह्या परीक्षणाच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. सागराच्या पाण्याची ओळख तापमान व लवणता ह्या जोडीने होते. एकट्या तापमानाने होत नाही. गेबी-हायबर्स ह्यांच्या निबंधात लवणतेच्या इतिहासाला स्थान नाही, आणि ते त्यांच्या निष्काळजीपणाने घडलेले नाही : तसा इतिहास उपलब्धच नाही. चॅलेंजरवर बुकॅनन ह्यांनी पाण्याचे विशिष्ट गुरुत्व मोजले. विल्यम डिटमार ह्यांनी सफरीतून आलेल्या ७७ नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करून १८८४ साली असे दाखविले की, क्षारांचे एकूण प्रमाण कमी-अधिक झाले तरी त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे जवळजवळ कायम राहतात. सर्व सागरी रसायनशास्त्राचा हा पाया होय. पण डिटमार ह्यांचा प्रश्न वेगळा होता; दीर्घकालीन बदल हुडकण्यास लागणारी सूक्ष्मता त्या मापनांत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिन क्नुडसेन ह्यांच्या कोष्टकांनी व कोपनहेगनच्या प्रमाण-जलाने रौप्य नायट्रेटच्या अनुमापनाची पद्धत रूढ केली. ती अर्धशतकाहून अधिक काळ चालली, आणि उत्तम हातातही तिची चूक दर हजारी ०.०२ च्या आसपास राही. विद्युत्-संवाहकतेवर चालणारे लवणतामापक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून व १९६० च्या दशकात पसरले, तेव्हा कुठे ही चूक ०.००३ च्या घरात आली. आज जहाजावरील मापनाचा दंडक ०.००२ आहे.

ह्या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने उघड होतो. दोन किलोमीटर खोलीवर ०.०५ अंशांच्या शीतनाने पाण्याची घनता जेवढी वाढेल तेवढी ती परत उतरविण्यास लवणता सुमारे ०.००८ ने घटली की पुरते. क्नुडसेन-पद्धतीला ही घट दिसणे शक्य नव्हते. हायड्रोमीटरला तर नव्हतेच. म्हणजे संवाहकतेच्या युगापूर्वी पॅसिफिकचे खोल पाणी निवले असल्यास त्याबरोबर ते गोडेही झाले का, हे कळण्यास कोणताही मार्ग नाही.

आणि हे न कळल्यास काय बिघडते? बिघडते असे की तापमानबदलाचे दोन सर्वस्वी भिन्न प्रकार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. समजा, एखाद्या खोलीवर पूर्वीपेक्षा थंड पाणी आढळले. एक शक्यता अशी की, त्या घनतेच्या पाण्याचा गुणधर्मच बदलला : ते जेथून आले तेथेच ते अधिक थंड व अधिक गोडे होऊन उतरले. दुसरी शक्यता अशी की पाणी तेच आहे, पण समघनतेचा पृष्ठ वर उचलला गेला आणि खालचे थंड पाणी त्या खोलीपर्यंत पोहोचले. पहिला प्रकार स्मृतीचा आहे. दुसऱ्या प्रकारास स्मृतीची गरज नाही. वाऱ्यांत वा प्रवाहांत बदल झाला की तो घडू शकतो. ही फोड करण्याची पद्धत नाथन बिंडॉफ व ट्रेव्हर मॅकडूगल ह्यांनी १९९४ साली मांडली असून ती आज सर्वमान्य आहे. पण तिला प्रत्येक तापमानाच्या जोडीला लवणता लागते. चॅलेंजरच्या नोंदीस ती लावता येत नाही. ‘लघु हिमयुगाचे पाणी येत आहे’ हे विधान पहिल्या प्रकाराचे आहे, आणि त्यासाठी दाखविलेला पुरावा दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडणारा आहे. हे ह्या निबंधातील सर्वांत मोठे व्यंग होय.

लवणतेची नोंद जेथे आहे तेथे ती किती बोलकी ठरते ह्याची उदाहरणे उत्तर अटलांटिकमध्ये विपुल आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एक गोड्या पाण्याचा मोठा पट्टा ग्रीनलंडच्या पूर्वेकडून निघून सुमारे चौदा वर्षांत उपध्रुवीय अटलांटिकला वळसा घालून गेला; बॉब डिक्सन व सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याचा माग काढला. त्याच डिक्सन ह्यांच्या गटाने २००२ साली दाखविले की, नॉर्डिक सागरांतून उंबरठे ओलांडून खोल अटलांटिकमध्ये उतरणारे पाणी चार दशके सातत्याने गोडे होत गेले होते. लॅब्राडोर सागराचे पाणीही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गोडे होत गेले, आणि नंतर कल उलटला. हा उलटा फेरा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. १९९५ साली कोणी लेखणी उचलली असती तर तीस वर्षांचा कल कायमचा मानला असता. दक्षिणेस स्टॅन्ली जेकब्स व सहकाऱ्यांनी २००२ साली रॉस सागराच्या मंचावरील पाण्याची लवणता दर दशकास सुमारे ०.०३ ने घटत असल्याचे दाखविले, आणि ह्या घटीचा माग पुढे हिंदी व पॅसिफिक विभागांतील अंटार्क्टिक तळजलातही लागला. ह्या सर्व ठिकाणी निष्कर्ष दृढ आहेत, कारण बदल मापनाच्या चुकीपेक्षा मोठा आहे व तापमान आणि लवणता जोडीने मोजलेली आहेत.

तिसरा आधार प्रतिमानाचा. त्यातील प्रवाह काळानुसार बदलत नाहीत असे गृहीत धरलेले आहे. पृष्ठभागावरील तापमान दोन हजार वर्षांच्या पुराव्यांवरून ठरवावयाचे, आणि स्थिर प्रवाह ते एखाद्या रंगाप्रमाणे खोलात वाहून नेतील असे मानावयाचे. ह्या गृहीताचा लाभ मोठा आहे : गणित स्वच्छ राहते, आणि कोणत्या काळचे पाणी कोठे आहे हे सांगता येते. पण ह्याच गृहीताने वर सांगितलेला दुसरा प्रकार हिशेबातून बाद केला जातो. समघनतेचे पृष्ठ उचलले वा खाली बसले गेले तर प्रतिमानाला ते कळणारच नाही. सर्व बदल त्याला स्मृतीच्या खाती घालावे लागतील. पृष्ठ खाली बसतात ह्याचा पुरावा मात्र प्रत्यक्ष आहे. अंटार्क्टिक तळजलाचे आकारमान १९८० च्या दशकापासून २००० च्या दशकापर्यंत घटत गेले, हे पर्की व जॉन्सन ह्यांनीच २०१२ साली दाखविले. शिवाय शुहेई मासुदा व सहकाऱ्यांचे २०१० चे काम आहे. त्यांच्या संगणनानुसार अंटार्क्टिकाच्या अ‍ॅडेली किनाऱ्यालगत झालेला बदल लाटांच्या रूपाने उत्तर पॅसिफिकच्या तळाशी सुमारे चाळीस वर्षांत पोहोचतो. पाण्याला लागणारी हजार वर्षे व लाटेला लागणारी चाळीस वर्षे ह्यांत पंचवीसपटीचे अंतर आहे. लाट पाणी आणीत नाही, पण तापमान बदलते. मासुदा ह्यांचे प्रतिपादन तळाविषयी आहे, दोन-अडीच किलोमीटरांविषयी नव्हे. तरीही खोल पॅसिफिकला केवळ जुनेच ऐकू येते ही समजूत त्याने ढळते.

आणखी एक गोष्ट वाचकाने सावधपणे पाहावयाची आहे. प्रतिमानाचे एक रूप चॅलेंजरच्या नोंदीशिवाय चालविलेले आहे, व दुसरे ह्या नोंदीशी जास्तीत जास्त जुळेल असे समायोजित केलेले आहे. पहिल्या रूपाने पॅसिफिकच्या शीतनाचे भाकीत केले आणि चॅलेंजरने त्याला दुजोरा दिला, हे म्हणणे योग्य आहे व त्यातच ह्या कामाचे खरे सामर्थ्य आहे. दुसऱ्या रूपास चॅलेंजरचा दुजोरा आहे असे मात्र म्हणता येणार नाही, कारण साक्षीदाराला आधीच पढविलेले आहे. उष्णतेचा कोणताही आकडा उद्धृत करताना तो कोणत्या रूपातून आला हे सांगणे म्हणूनच अवश्य आहे.

हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही वर्तुळांत त्याचा असा अर्थ लावला गेला की, खोल सागर निवत असेल तर पृथ्वी तापत असल्याची वार्ता संशयास्पद ठरते. हे वाचन सरळसरळ चुकीचे आहे. निबंधाचे सारे तर्कशास्त्रच असे आहे की पृष्ठभाग आधी निवला होता व आता तापत आहे. खोल पाण्यास ही दुसरी बातमी अद्याप पोहोचलेली नाही. चुकीच्या वाचनाचा दोष लेखकांवर येत नाही. परंतु दुसऱ्या टोकाचे वाचनही टाळावयास हवे : ०.०५ अंश म्हणजे नगण्य, असे समजून प्रश्न सोडून देणे. एक हजार मीटर जाडीचा पाण्याचा थर शंभर वर्षांत ०.०५ अंशांनी निवला तर दर चौरस मीटरमागे सुमारे वीस कोटी ज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने त्या चौरस मीटरवर उभा असलेला हवेचा संपूर्ण स्तंभ सुमारे वीस अंशांनी तापेल. शतकभरात वाटून घेतल्यास हा ओघ दर चौरस मीटरला ०.०६५ वॅट भरतो. पर्की व जॉन्सन ह्यांनी ४,००० मीटरांखालील सागरासाठी काढलेला, पृथ्वीच्या एकंदर पृष्ठभागावर वाटलेला आकडा ०.०२७ वॅट आहे. हे दोन आकडे सारख्या क्षेत्रफळाचे नाहीत, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. पण दोहोंची प्रत एकच आहे. म्हणजे मध्यम-खोल पॅसिफिकविषयीच्या अज्ञानाचे माप तळच्या सागराविषयीच्या ज्ञानाइतके मोठे आहे.

हा प्रश्न सुटावयाचा तर कोठून सुटेल? जुन्या नोंदींतून आणखी फारसे निघेल असे दिसत नाही. टेट ह्यांच्या दुरुस्त्यांचा पुन्हा शोध घेणे व दोराच्या कलाचा स्थानपरत्वे अंदाज बांधणे एवढे काम उरले आहे, आणि ते करण्याजोगे आहे. खरा आधार पुढील नोंदींचा. १९९० च्या दशकातील जागतिक सागरी अभिसरण प्रयोगाने तापमान व लवणता दोन्ही ०.००२ च्या सूक्ष्मतेने तळापर्यंत मोजली, आणि त्याच रेषा सुमारे दर दहा वर्षांनी पुन्हा मोजल्या जातात. आर्गोची नेहमीची यंत्रे २,००० मीटरांवर थांबतात, म्हणजे सागराच्या जवळजवळ निम्म्या पाण्यास ती स्पर्श करीत नाहीत, व वादाचा पट्टा त्यांच्या सीमेवरच थोडा आत व बराचसा बाहेर आहे. २०१४ पासून प्रायोगिक रीतीने सोडलेली खोल-आर्गो यंत्रे ६,००० मीटरांपर्यंत जातात. नैर्ऋत्य पॅसिफिकच्या खोऱ्यात त्यांनी चार-पाच वर्षांतच तळाची दरवर्षी सहस्रांश अंशांत मोजावयाची तापवाढ स्वतंत्रपणे नोंदविली. त्याच यंत्रांनी दोन ते तीन किलोमीटरांदरम्यान वीस वर्षे तापमान व लवणता जोडीने मोजली तर समघनतेच्या पृष्ठावरील बदल व पृष्ठाचे स्वतःचे हलणे ही निराळी करता येतील, आणि स्मृतीचा सिद्धान्त प्रथमच अशा कसोटीस लागेल की जीत तो खोटा ठरू शकेल.

हिंदी महासागराविषयी ह्या सबंध वादात जवळजवळ मौन आहे, आणि त्याचे कारण चॅलेंजरच्या मार्गात आहे. डिसेंबर १८७३ मध्ये केपटाउन सोडून जहाज केर्गेलेनमार्गे दक्षिणेच्या बर्फापर्यंत गेले व तेथून मेलबर्नला पोहोचले; अरबी समुद्र व बंगालचा उपसागर त्याने पाहिलेच नाहीत. अरबी समुद्राचे खोल पाणी तेथे जन्मत नाही. ते दक्षिणेकडून येते, उत्तरेस जमीन असल्याने त्याला पुढे वाट नाही, आणि तांबड्या समुद्राचे व इराणच्या आखाताचे खारे पाणी वरच्या-मधल्या थरांत मिसळत असते. स्मृतीच्या सिद्धान्ताला अशा बंद टोकाच्या समुद्रात पॅसिफिकइतकेच वृद्ध नसले तरी जुने पाणी सापडावे. तेथील पद्धतशीर खोल मापने १९३३-३४ मध्ये सेमूर स्युएल ह्यांच्या नेतृत्वाखाली माबाहिस ह्या इजिप्शियन जहाजावरून झाली. ह्या मोहिमेला चॅलेंजरवरील जॉन मरे ह्यांच्या मृत्युपत्रातील पैशांचा आधार होता व त्यांचेच नाव होते. त्यानंतर १९५९ ते १९६५ ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम, आणि तिच्या पाठोपाठ १९६६ साली स्थापन झालेली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. माबाहिसवरील लवणता अनुमापनाने काढलेली आहे, आणि १९६० च्या दशकात एकाच मोहिमेतील निरनिराळ्या जहाजांवर अनुमापन व संवाहकता ह्या दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालू होत्या. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात शतकाचा कल शोधू पाहणाऱ्याने तुलनेचा पहिला आकडा लिहिण्यापूर्वी कोणत्या जहाजावर कोणती पद्धत होती ह्याचे कोष्टक करावयास हवे.